एका दमात

टेलिफोन भवनात तेहतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे आवाज एकमेकांना जोडले.
"लाइन धरा, गडहिंग्लज बोलतंय."
"तीन मिनिटं झाली, वाढवू का?"
हेडफोनचा वळ कानामागं अजून आहे.

म्हणून वॉर्डातला अल्ताफ नायकवडी
खालूनच ओरडला, "मावशी, तुम्हाला साखर आहे,
घराबाहेर पडू नका. पण फोन कराल का रोज?"
तेव्हा हसू आलं.
गुऱ्हाळात उभं करून विचारावं, गोड चालतं का.

भाचीनं पुण्यातून यादी पाठवली :
बेचाळीस नावं, वय, पेठ,
आणि दोन रिकामे रकाने, सकाळ, संध्याकाळ.
बोटाला चिमटा लावायचा त्यांनी,
आकडा लिहायचा मी.

मंगळवार पेठेत मिसळीच्या कढया पालथ्या.
सीपीआरकडं वळणारा भोंगा तेवढा चालू.
फोन लावला की आधी सरकारी खोकला वाजायचा,
मग माणसाचा.

सुभाषनगरच्या अक्काताई आवळे
आकड्याला जोडून कामही सांगायच्या :
"ब्याण्णव. आन् वेण्या घातल्या आठ जोडांच्या."
ब्याण्णव रकान्यात गेले.
आठ जोड कुठं लिहू?
मी जुनी दुधाची वही काढली.

सदर बाजारातला एक पोरगा नुसता रडायचा.
तीन मिनिटं व्हायची, सहा व्हायची.
विचारणारं कुणी नव्हतं, मीच वाढवत राहिले.

आणि हिंदुराव चौगले, वय एकाहत्तर, घरात एकटे.
सकाळी शहाण्णव. संध्याकाळी शहाण्णव.
"काय न्हाई झालंया मला."
तीन दिवस, सहा वेळा, शहाण्णव.
पण शब्दाच्या आधी एक दम,
आणि मधल्या जोडाक्षरावर पायरी चुकल्यासारखं.
लाइन खराब नव्हती.
खराब लाइन मला कळते.

म्हटलं, "वस्ताद, जोर काढताना मोजत होता न्हवं?
एका दमात मोजून दावा."
"शंभर मोजायचो, पोरी."
"मग मोजा की."

एक, दोन, तीन, चार...
अकरापर्यंत तालीम ऐकू आली,
तेल, तांबडी माती, मांडीवरची थाप.
तेराला आवाज घसरला.
सतरा.
मग नुसता वारा.

दुसऱ्या फोनवर अल्ताफ. बेड न्हाई.
शिरोलीत न्हाई. कळंब्यात विचारतो.
पहिला फोन मी कानापासून हलवला नाही.
"लाइन धरा, वस्ताद. लाइन सोडू नका."
एक्केचाळीस मिनिटं.
पलीकडं पंखा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या.
मग जिन्यात पावलं, प्लॅस्टिकची सळसळ,
"आजोबा, उठा हळू."
फोन खाटेवरच राहिला असावा.
रिकामी खोली मी ऐकत बसले
बॅटरी संपेपर्यंत.

वहीत आठ जोड, अकरा जोड, पाच,
मग तीन,
मग अक्काताईंच्या मुलीचा आवाज.
त्या महिन्यात असे सात.
भाची म्हणाली, ती नावं करड्या रंगाची कर.
केली नाहीत.

जूनमध्ये दुपारी अनोळखी नंबर.
हॅलो नाही, नमस्कार नाही.
"एक, दोन, तीन, चार..."
मी पातेलं खाली उतरवलं, गॅस बंद केला,
भिंत धरून उभी राहिले.
सतरा आलं.
सतरा गेलं.
एकोणतीसला खोकला, स्वतःचा, ओला, जिवंत.
"थांबा बाई. तोडू नका.
दम घेतोय."

या आकड्याला यादीत रकाना नव्हता.
दुधाच्या वहीत लिहिला,
तीन जोडांच्या खाली.