दोन सेंट

अठरा डॉलर चाळीस सेंट.
बिलाच्या पाठीवर मी पेन्सिलीनं गणित मांडलं:
वीस टक्के म्हणजे तीन अडुसष्ट,
पंधरा म्हणजे दोन शहात्तर,
दहाचं मांडायला घेतलं
आणि पेन्सिल खिशात ठेवली.

कांदा नको, म्हटलं होतं.
दोनदा. दुसऱ्यांदा तर बोट हलवून.
बटाट्यात कांदा होता.
टोस्ट गार, पावसात राहिलेल्या पाकिटासारखा कडेनं मऊ.
कपाच्या तळाशी कॉफीचं तपकिरी कडं सुकून गेलं
आणि ती, छातीवर 'डार्लीन' लिहिलेली,
किटली घेऊन तीनदा शेजारून गेली,
बर्फ काढणारी गाडी
नेमकी आमचीच गल्ली सोडून जाते तशी.

ऑर्विलचं म्हणणं मला पाठ आहे.
टीप म्हणजे बक्षिसी नव्हे रे,
तो तिचा पगार.
मालकानं स्वतःच्या खिशातून काढून
हळूच तुझ्या ताटाखाली सरकवलेला.
पुलापलीकडे दुलूथला पूर्ण मजुरी मिळते,
इकडे सुपिरिअरला तासाला अडीच डॉलरसुद्धा नाही.
त्याचं सूप गार होतं, तरी चार डॉलर ठेवून
तो गाडी गरम करायला बाहेर गेला.

मी एकतीस वर्षं टपाल वाटलं.
उणे वीसमध्ये, कुत्र्यांसकट.
कुणी टीप दिली नाही.
(मिसेस सोल्बर्ग नाताळात आल्याची बिस्किटं द्यायच्या,
दगडासारखी. पण द्यायच्या.)
आणि मूड नाही म्हणून
एकाही दिवशी एकही पत्र
मी बर्फात फेकलं नाही.
मग तिनं का?

काहीच न ठेवलं तर वाटेल, म्हातारा विसरला.
दोन सेंट ठेवले की कळतं,
विसरला नाही.
तांब्याचे दोन तुकडे, बशीशेजारी,
एकमेकांना चिकटून नव्हे, नीट अंतर सोडून,
पत्ता लिहावा तसे मांडले
आणि उठलो.
खरं सांगतो, बरं वाटलं.
दारापर्यंत.

दारात एक हात उघडा लागला. हातमोजा आत राहिला होता.

टेबल पुसून झालेलं.
भांडी उचलणारा पोरगा, एप्रन गुडघ्याखाली,
मोजा घेऊन माझ्याकडेच येत होता.
"सर, हे पण तुमचंच. टेबलावर राहिलं होतं."
तळहातावर दोन सेंट.
त्यावरचं मेपलचं सिरप
त्यानं पुसून काढलं होतं.

मी थँक यू म्हटलं.
दुसरं काय म्हणणार?

मग काउंटरकडे पाहिलं.
तिच्यात मी काहीतरी शोधलं,
सुजलेले पाय, रडलेले डोळे,
घरी तापानं फणफणलेलं मूल,
म्हणजे मला पाकीट उघडता आलं असतं.
तसलं काही दिसलं नाही.
ती च्युइंगम चघळत
मिठाच्या बाटल्या भरत होती.
तिला काही कळलंच नव्हतं.
पाकिटात पाचाची नोट होती, एकेकाच्या चार होत्या.
मी तसाच बाहेर आलो.

ऑर्विलनं विचारलं, किती ठेवलेस?
मूठ उघडून दाखवली. म्हटलं,
टपाल परत आलं. पत्त्यावर कुणी नाही.

तो हसला नाही.
टोपी कानावर ओढली, दार उघडलं
आणि त्या सडक्या गुडघ्यानिशी
काचेसारख्या बर्फावरून
खांब, कचऱ्याचा डबा, पुन्हा खांब धरत
आत गेला.

काचेवर वाफ साचली होती. दिसलं काहीच नाही.
आठ मिनिटं लागली त्याला.
दोन सेंट मुठीत गरम झाले.
हीटरची झडप
मी त्याच्या सीटकडे वळवून ठेवली.