शेपूट सुटलं

सत्तर फुटी ट्रक हाकणाऱ्याला
स्वतःचं शेपूट दिसत नाही.
आरशात दिसतं ते अर्धं खरं,
रात्री तर पाव.
म्हणून ज्याला मागे टाकलं त्यानंच सांगायचं असतं:
हेडलाइट एकदा मिटून उघडायचे,
म्हणजे, सुटलास, ये आता आत.
आणि पुढच्यानं मागचे लाल दिवे दोनदा लुकलुकवायचे,
म्हणजे, भलं होवो.
कुठल्या कायद्यात हे लिहिलेलं नाही.
मला शिकवलं मिलो काकानं,
ज्यानं बायकोला उभ्या जन्मात थँक्यू म्हटलं नसेल.

मार्चमधली रात्र. लेक्सिंग्टनहून गोठवलेलं मांस भरून
मी पश्चिमेला निघालो होतो.
सकाळीच डिस्पॅचरशी वाजलं होतं.
मुलीचा फोन मी उचलला नव्हता, किंवा तिनं माझा,
आता आठवत नाही.
नॉर्थ प्लॅट मागे पडलं.
नदीच्या उथळ पाण्यात क्रौंच उभे असतील,
हजारोंनी, अंधारात,
कुणाला कुणाचा धक्का नाही.

सदरलंडच्या पुढे ती डावीकडून आली.
माझ्या इंजिनाला कंपनीनं पासष्टाची वेसण घातलेली,
तिच्या इंजिनाला सहासष्टाची.
एका मैलाच्या फरकावर दोन हत्ती शेजारी शेजारी,
आणि मागे गाड्यांची वरात,
सगळे वऱ्हाडी चिडलेले.
मी पाय उचलायला हवा होता.
चार श्वासांपुरता.
नाही उचलला.
चढावर ती रेंगाळली, उतारावर मी सरसावलो,
असं सहा मैल.
ती बघतही नव्हती माझ्याकडे.
मी बघत होतो.

पॅक्स्टनच्या रॅम्पवरून एक जुनी ब्युइक
रस्त्यात मिसळायला आली.
मला डावीकडे सरकून तिला जागा द्यायची होती,
पण डावीकडे ती होती,
आणि ती तिथे होती माझ्यामुळे.
ब्युइक कडेच्या खडीवर गेली.
आरशात तिचे दिवे हेलपाटले,
सरळ झाले,
लहान झाले.
आत कोण होतं ते मला कधीच कळलं नाही.

मग मी पाय उचलला.
मग. कसला मग.
तिचं शेपूट सुटलं, मला स्पष्ट दिसत होतं,
बोट बटणावर होतं.
आणि बोट तसंच राहिलं.
लाज असेल. लाजेनंही माणूस आडमुठा होतो.
ती डाव्या लेनमध्येच चालत राहिली, वाट बघत,
मागून लोक हॉर्न मारत होते तिला,
तिला, मला नाही.
शेवटी हळूच आत आली, चाचपडत,
अंधाऱ्या खोलीत भिंत शोधावी तशी.
आणि लाल दिवे लुकलुकले.
दोनदा.

ओगलालाला कॉफीच्या मशीनपाशी कुणीतरी म्हणालं,
तो चेपलेल्या बंपरचा किरमिजी ट्रक तुमचा का?
बुटकी बाई, पन्नाशीची,
जॅकेटवर नाव शिवलेलं: ओरालिया.
मी बोलणी खायला तयार झालो,
उत्तरं तर सहा मैल आधीपासून तयार होती.
ती म्हणाली, तुमचे दिवे मिटत नाहीयेत बहुतेक.
खूण करायचा प्रयत्न केला असेल तुम्ही, मला दिसली नाही.
फ्यूज गेला असणार. माझाही गेला होता थंडीत.
आणि खिशातून एक निळा फ्यूज काढून
माझ्या तळहातावर ठेवला,
पंधरा अँपिअरचा, नखाएवढा.
मी म्हणालो, हो. गेला असेल.
कॉफीचे पैसेही तिनंच दिले,
सुटे माझ्याकडे नव्हते.

अजून आहे तो, सनव्हायजरला चिकटपट्टीनं लावलेला.
दिवे माझे तेव्हाही धड होते.

गेल्या मंगळवारी किंबॉलजवळ
एका पोरानं मला मागे टाकलं, चकचकीत नवा ट्रक.
मी पाय उचलला, वेळेवर दिवे मिटून उघडले.
तो आत आला आणि निघून गेला.
एकदाही लुकलुकला नाही.
तोंडात शिवी आलीच होती.
मान वर केली, निळं काहीतरी दिसलं.
म्हटलं, फ्यूज गेला असेल बिचाऱ्याचा.