दारावरून

बापाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
दारासमोर खुर्ची टाकून बसतो
आणि कोण आलं ते उजेडावरून सांगतो.
दार भरून अंधारलं तर लोकरीचा व्यापारी यापी,
खालच्या अर्ध्यातच सावली तर यापीचा नातू,
आणि उजेड कमी होऊन तसाच राहिला
की म्हणतो, ग्रिएता, उंबऱ्यात काय उभी राहतेस!

डोंगरावर रात्री मी तेच करते.
कारूतली थंडी, बोटमोजे,
घुमटाची मोटर अडकली की तिला एक लाथ.
एक तारा. नाव नाही, नुसता आकडा.
दर दोन मिनिटांनी त्याचा उजेड मोजायचा,
पडद्यावर एक ठिपका. पुन्हा एक ठिपका.
तासन्‌तास ओळ सरळ जाते, डोळे मिटायला लागतात,
आणि मग ती किंचित वाकते.
शंभरातला एक भाग उजेड
कोणीतरी अडवलाय.
तीन तास दहा मिनिटं. मग परत होता तसा.

केट्टुनेनबाई फिनलंडहून फोनवर म्हणतात,
एकदा म्हणजे काहीच नाही.
दोनदा म्हणजे बघू.
तिसऱ्यांदा आला तर कागदावर घेऊ.

बहुतेक घरांचं दार आपल्याकडे नसतंच.
तिथली माणसं मागच्या अंगणातून येतात-जातात
आणि आपण म्हणतो, ओसाड आहे.

मार्चमध्ये आला. एकोणचाळीस दिवसांनी पुन्हा.
मधे आणखी एकदा आला असेल तर दिवसा,
भर उन्हात. कोणाला दिसणार?
तिसरी वेळ मे महिन्यात, बावीस तारीख.
लुंगेलोने रजा रद्द केली, मी थर्मास भरून नेला.
अकराला पश्चिमेकडून ढग आले
आणि पहाटेपर्यंत बर्फ भुरभुरत राहिलं.

सकाळी खाली आले. उंबऱ्यात थांबले.
"ग्रिएता. आला का पाहुणा?"
ढग होते.
"मागच्या दोन वेळा आत आला होता,
की नुसता दारावरून गेला?"
दारावरून.
"मग चहा वाचला," म्हणत त्याने आपला कप पुढे केला.

मी रॉयबॉस ओतला. सांगितलं,
मधल्या फेऱ्या दिवसा पडत असतील
तर आम्हाला कधी कळायचंच नाही.

बराच वेळ तो कपावर फुंकर घालत राहिला.
"दिवसा मी असतो की," म्हणाला,
आणि खुर्ची वीतभर
दाराकडे सरकवली.