दुसरा वाडगा

शामशुईपोतल्या त्या चिंचोळ्या दुकानात सहाच टेबलं.
मला बसवलं एका अनोळखी बाईंच्या समोर,
गुडघ्याला गुडघा.
त्यांनी मान वर केली नाही.
पेपरातल्या शर्यतीतले घोडे
त्या पेन्सिलीने एकेक बाद करत होत्या.

वाडगा आला, ओंजळीत मावेल एवढा.
वर नूडल्सचं पिवळं जावळ,
वॉन्टन खाली, चमच्याच्या आडोशाला,
म्हणजे नूडल्सनी रश्श्यात बुडून गिचका होऊ नये.
हे मला नंतर कळलं.

मी आधी फोन काढला.
उजेड नीट पडेना, म्हणून वाडगा फिरवला.
फोटो बहिणीला धाडला. तिने विचारलं,
शेवया का गं?
मी उत्तर लिहीत बसले.

वाफेतून म्हातारे फुंग बाहेर आले, एका अंगाने झुकत.
चाळीस वर्षं बांबूवर मांडी टाकून कणीक दाबली
की कंबर तिकडेच राहते.
एक शब्द न बोलता माझा वाडगा उचलला.
नवा आणून ठेवला.
हनुवटीने सांगितलं, खा.

बाईंनी लाल व्हिनेगरची बाटली पुढे सरकवली
आणि सुपरवायझरसारख्या बघत राहिल्या.

खाल्लं.
वाकून, सुर्र आवाज करत, चष्मा धुरकटलेला.
रश्श्याला सुकटीच्या चुलत बहिणीचा वास,
आणि दाताखाली कोळंबी
तट्‌कन.

बिल आलं. दोन वाडग्यांचं.

मी बाईंकडे पाहिलं.
त्या पहिल्यांदाच हसल्या,
आणि खोडलेला एक घोडा
रबराने घासून पुन्हा शर्यतीत आणला.