लवकरच

तिकीट टाकलं तेव्हा कळमन्यात अंबिया उतरत होता.
काटोलचे ट्रक, वरुडचे ट्रक,
आणि गोवर्धन हटवार अडते
फोन ओठांशी धरून माझ्या ॲपशी बोलत होते :
अंबिया, शंभर क्रेट, दोन नंबर माल.
ॲपनं लिहिलं :
अंबिका, शंभर क्षेत्र, दोन नंबर मान.

नवं मॉडेल निघालं होतं तोवर.
त्याला वऱ्हाडी समजते म्हणे, "होऊन रायलं" सुद्धा.
दुसरीकडं लोक वापरूनही मोकळे झाले.
आमच्या होस्टिंगवाल्यांच्या यादीत मात्र
त्याच्या नावापुढं राखाडी ठिपका
आणि एकच शब्द : लवकरच.

हा शब्द मला जुना ओळखीचा.
कूलरवाला वाघाडे दर मार्चमध्ये तो बोलतो,
"निघालोच ताई, त्रिमूर्तीनगरात आहो,"
आणि उगवतो तेव्हा दुकानातला वाळा संपलेला असतो.
पण वाघाडे येतो तरी.
घाम पुसतो, माठातलं पाणी मागतो,
मोटर खोलून माझ्या नाकापुढं धरतो : हे पाहा, जळली.
यांची मोटर कोणी पाहिली?

झिरो माइलच्या सिग्नलला गाडी थांबते.
त्या दगडावर गावांची नावं आहेत, पुढं मैल.
माझा सर्व्हर त्यात नाही.
कुठल्या गावी आहे तो, तिथं आत्ता रात्र आहे का,
कोणी जागं आहे का,
दर महिन्याला पैसे मी नेमके कुठं पाठवते.

उत्तर येतं. दर वेळी नव्या नावाच्या माणसाकडून, तेच.
आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.
मी दिला नव्हता.
त्यांनी परस्पर घेतला.

शेवटी परसोडीच्या ऑफिसात रात्री बसून
एक तक्ता केला.
अंबिका दिसली की अंबिया कर.
क्षेत्र दिसलं की क्रेट.
मिरगाच्या संत्र्याला ते मर्ग म्हणायचं,
हटवार म्हणाले, "पोरी, माल मेला का माहा?"
तेही घातलं.
ओळी वाढत वाढत दोनशे चौदा झाल्या.
सुगंधा मागं उभी राहून म्हणाली,
"बहिऱ्याला कानाचं मशीन बसवून रायली का बे?"

मिरगही संपला.
एप्रिल, चव्वेचाळीस अंश, डांबर चपलेला चिकटतं,
आणि एका रात्री, कोणालाही न सांगता,
ठिपका हिरवा.

सगळं ऐकू येत होतं त्याला.
क्रेट म्हणजे क्रेट. रायलं म्हणजे रायलं.
बाजारात संत्रं औषधाला नव्हतं
आणि यंत्र अंबिया शब्द असा स्वच्छ लिहीत होतं
की माझे डोळे भरून यावेत की डोकं फिरावं,
ठरत नव्हतं.

तेवढ्यात कळमन्यातून फोन.
हटवारांकडं नवी हिशेबनीस लागली होती,
अंबिका भोंगाडे. भिडस्त आवाज.
"ताई, पगाराच्या नोंदीत
मी संत्रा काऊन झाली?"

तक्ता उघडला. पहिलीच ओळ.
ती खोडली.

"बाकीच्या कधी काढतेस?" सुगंधानं विचारलं.
मी कूलरमध्ये पाणी टाकायला उठले.