पश्चिमेची खोली

मी बागल चौकामागं पोरींना अरबी शिकवते,
तीही पुस्तकातली, जेर-जबर लावून घासलेली.
तेवढ्या भांडवलावर सीपीआरच्या मानसोपचार विभागात
मला दुभाषी म्हणून बसवलं.
उम्म घियास एकदाच हसल्या, माझ्या अरबीला:
"पोरी, तू तर कबरीतल्या काझीसारखी बोलतेस."
त्यानंतर तीन महिने नाही.

वय एकाहत्तर. गाव दैर अझ-झोर, फुरातच्या काठी.
मुलगा विद्यापीठात रसायनशास्त्राचं संशोधन करतो,
आई त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली.
'येण्याचे कारण' या रकान्यात त्यानं लिहिलंय: सोबत.

दुपारच्या नमाजात चार रकाती.
तीन झाल्या की चार, त्यांना आठवत नाही.
मग पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा.
एका शुक्रवारी घियासनं मोजलं, अकरा वेळा.
गुडघे भाकरीसारखे फुगलेले
आणि वर म्हणायच्या, माझी नमाज परत येते,
पत्ता चुकलेल्या टपालासारखी.

हा पत्ता काय, ते मला उशिरा कळलं.
त्यांच्या गावाहून मक्का दक्षिणेला.
सत्तर वर्षं अंग त्याच बाजूला वाकलेलं.
सागरमाळावरच्या भाड्याच्या खोलीत मात्र पश्चिमेला.
दिवसा जमतं. रात्री उठल्या
की पाय आपले आपण दक्षिणेला वळतात.
आणि नवऱ्याला पुरलं त्या रात्री
वरून मारा चालू होता,
त्याचं तोंड कुठं झालं, कुणी बघितलंच नाही.

डॉक्टर इंगवल्यांनी विचारलं,
जगू नये असं वाटतं का कधी?
मी प्रश्न अरबीत नेला, जमेल तसा.
त्या बराच वेळ बोलल्या, खिडकीकडं बघत:
"रोज रात्री त्याला विचारते,
सगळ्यांना नेलंस, माझंच नाव कसं विसरलास?
विचारते, आणि विचारल्याची माफी मागत बसते."

मी मराठीत म्हणाले, "झोप लागत नाही म्हणतात."

माझ्या मावशीच्या वेळीही
आम्ही डॉक्टरांना झोपेचंच सांगितलं होतं.

दोन रात्री मलाही ती लागली नाही.
तिसऱ्या दिवशी केसपेपर काढून रांगेत उभी राहिले,
पेशंटचे नाव: काय सांगू?
आत जाऊन एक वाक्य दुरुस्त केलं.
डॉक्टर रागावले नाहीत. गोळी बदलली,
म्हणाले, रात्री एकट्या ठेवू नका.

तेव्हापासून घरमालकीण हौसाक्का चौगुले
वळकटी घेऊन त्यांच्या खोलीत.
दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, बोलणं थांबत नाही.
उम्म घियासनी विचारलं, "कैफ हालिक?"
हौसाक्कानं त्यातला एकच शब्द पकडला:
"हाल? हाल तर लई झालं बाई. तुजंबी आन् माजंबी."

दिशेचं मी सांगितलं तेव्हा आक्का म्हणाली,
"त्यात काय? आमची अंबाबाईबी पश्चिमेलाच बगती.
किरणं तिच्या पायावर तितनंच येत्यात."
मी हे अरबीत नेलं नाही.
काही वाक्यं जिथली तिथं बरी.
पण दुपारी बघते तर आक्का
चटईच्या कडेला मांडी घालून,
पुढ्यात चार चिंचोके.
एकदा उभं राहणं, वाकणं, दोनदा माथा टेकणं,
की एक चिंचोका इकडचा तिकडं.
चौथा सरकला की टिचकी:
"झाल्या बगा चार. आता पुरं. च्या ठेवते."

परवा उम्म घियासनी त्या टिचकीनंतरही
पुन्हा हात बांधले.
आक्कानं चिंचोके मुठीत धरून ठेवले, मांडले नाहीत.
बऱ्याच वेळानं हात सुटले.

रात्री अजूनही कधीतरी पाय दक्षिणेला वळतात.
आक्का जागीच असते.
दिवा लावत नाही.