मधलं दार

वास्कोत, मासळीबाजाराच्या मागे,
आग्नेलच्या ऑफिसात आम्ही सात जण
आणि खुर्च्या चार.
पंखा जहाजाचा नकाशा उडवतो,
म्हणून एका टोकावर स्टेपलर,
दुसऱ्यावर दादांची छत्री.

सातवा डेक. लांबच लांब बोळ,
दोन्ही अंगांना खोल्या, काड्यापेट्या मांडाव्यात तशा.
आग्नेल पेन टेकवतो : ह्या दोन घ्या, बेचाळीस आणि चव्वेचाळीस,
मधे दार आहे.
दोन्हीकडून कडी. दोघांनी काढली तरच उघडतं.

मृदुला माझ्याकडे बघत नाही,
फक्त तिची चप्पल माझ्या बुटावर दाबून सांगते :
आपल्या बाजूची कडी आपल्याकडे.
आईला दार उघडंच हवं.
दादा रात्री तीनदा उठतात,
परक्या जागी दिव्याचं बटण शोधत उभे राहतील
आणि हाक मारायला लाजतील.

दादा बंदरात चाळीस वर्षं टॅली क्लार्क.
कुठल्या बोटीत किती टन खनिज गेलं
ते अजून तोंडपाठ, पण बोटीत झोपले एकदाही नाहीत.
चष्मा कपाळावर चढवून ते नकाशावर बोट ठेवतात :
पुढे नको, लाटेवर आपटते.
मागे नको, पंख्याची थरथर दातांत येते.
मधे घे. आणि डोक्यावर स्वयंपाकघर नाही ना बघ,
पहाटे भांडी ओढतात.
आग्नेल म्हणतो, बाब, तुम्हीच बसा माझ्या खुर्चीत.

ईशानीला छतातून खाली येणारी खाट हवी.
पार्थिवला तीच हवी, कारण ती ईशानीला हवी.
आई बाल्कनीच्या पैशांवर अडते :
समुद्र आपल्याला सड्यावरून फुकट दिसतो.

जुळत येतो हिशेब. चार इकडे, दोन तिकडे.
आणि आत्या, मी म्हणतो,
आई-दादांच्या खोलीतला सोफा उघडला की खाट होते,
अगदी मधल्या दाराला लागून.
दोन्हीकडे लक्ष राहील तिचं.

नको, आत्या म्हणते.

इतक्या हळू, की आग्नेलनं पंखा बंद केला.

मला वेगळी दे. लहान चालेल. खिडकी नसली तरी चालेल.
एकच दार असलेली दे.

एकट्या माणसाला दीडपट पडतात, मावशे.

ती पर्स उघडते.
शाळेच्या पेन्शनचं पासबुक, त्याला रबर,
रबरात खोचलेली वेलदोड्याची पुडी.
आतून कडी आहे ना?
आहे.
मग लिही.
नाव?
प्रेमावती, ती म्हणते,
आणि आग्नेल सोडून आम्ही सगळे
क्षणभर आठवत राहतो, ही कोण.

मधल्या खोलीत तिची खाट. पहिल्यापासून.
स्वयंपाकघराला जायचं, तिथून. न्हाणीला, तिथून.
दादांची रात्रपाळी तिथून घरात आली,
माझ्या लग्नाची पातेली तिथून गेली,
ओल्या पायांनी मी, मग माझी मुलं,
मांजर, गॅसवाला, तापात कुणाला तरी पाणी.
ती भिंतीकडे तोंड करून झोपते.
आम्ही म्हणायचो, सवय आहे तिला.

आग्नेलनं तिच्या खोलीला गोल केला :
नववा डेक, बोळाच्या टोकाला,
आमच्यापासून दोन जिने आणि एक लिफ्ट लांब.
आई बसमध्ये बोलली नाही.
दादा एवढंच म्हणाले, टोकाला हलेल गं जरा.
हलू दे, आत्या म्हणाली.

रात्री दीडला मला तहान लागली.
पुढचं दार उघडून, अंगणातून वळसा घालून
मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो.
बादलीला ठेच लागली. कुत्रं भुंकलं.
अंधारात पेला शोधला, प्यालो,
आल्या वाटेनंच परत निघालो.

मधल्या खोलीतून आवाज आला :
नळ गळतोय. नीट बंद कर.